धुराड्याच्या विटा

"जग सोनं गळ्यात घालतं, बोटात घालतं, नाहीतर तिजोरीत कोंडतं आणि दाराशी बंदूकवाला बसवतं. सोन्याच्या आत झोपणारा माणूस या पृथ्वीवर एकच. तो आत्ता तुमच्यासमोर बसलाय."

सेकेते मोखोसी हे वाक्य दर शनिवारी म्हणायचा. माटलापेंग वस्तीच्या अड्ड्यावर ज्वारीची बिअर पत्र्याच्या डब्यातून प्यायची पद्धत होती, आणि तिसरा डबा संपला की त्याच्या भिंतीत सोनं चमकायला लागायचं. फालांग त्याचा शेजारी. तो शांतपणे म्हणायचा, "मग उद्या येताना एक टवका घेऊन ये, आजची बिअर तुझ्याकडून." यावर सेकेते खिसे चाचपायचा. खिशात मिळायची तपकिरीची डबी, आणि ती रिकामी. शेवटी त्याची बायको मा-लिकेत्सो येऊन पदरचे पैसे भरायची आणि सोन्याच्या आत झोपणाऱ्या माणसाला दंडाला धरून घरी न्यायची.

तसा माणूस खोटारडा नव्हता. तीन नंबरच्या खाणीच्या ओतशाळेत त्याची सगळी उमर गेली. पार पाताळातून दगड वर यायचा, गिरणीत त्याचं पीठ व्हायचं, विषारी पाण्यात ते भिजायचं, मग त्या पाण्यात जस्त टाकलं की तळाशी काळा चिखल बसायचा. त्या चिखलात टाकणखार मिसळून भट्टीत वितळवायचा आणि लगडी ओतायच्या, हे सेकेतेचं काम. वर तरंगणारं किट्ट बाजूला काढायचं, खाली सोनं. लगडी पेटीत, पेटी गाडीत, गाडी जोहान्सबर्गकडच्या मोठ्या शुद्धीकरण कारखान्यात. तिथं तिला आणखी शुद्ध करायचे. पुढं ती जगात कुठं जायची ते सेकेतेला ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिनंही कधी वळून त्याची चौकशी केली नाही.

ओतशाळेचा एकच धर्म होता: काही वाया जाऊ द्यायचं नाही. झाडू झिजला की जाळायचा आणि राखेतून सोनं काढायचं. हातमोजे जाळायचे, पायपुसणी जाळायची, कामाचे कपडे विरले की तेही जाळायचे. सुटी झाली की नागडं होऊन आंघोळ करायची, नखं ब्रशने घासायची, आणि पहारेकऱ्याच्या डोळ्यांत सरळ बघत बाहेर पडायचं. खाली बघितलं तर तो म्हणायचा, काय टाकलंस रे? त्यामुळे सेकेतेची मान जन्माची ताठ झाली. एवढ्या वर्षांत मणामणांनी सोनं त्याच्या हातांतून गेलं, पण नखाच्या फटीतला कणसुद्धा घरी आला नाही. मा-लिकेत्सोच्या बोटात लग्नातली अंगठी होती ती तांब्याची.

मग खाण बंद पडली. एका ठेकेदाराने ओतशाळा पाडायला घेतली आणि पाडलेल्या विटा विकायला काढल्या. सेकेतेचं डोकं तिथं चाललं. भट्टीचा धूर ज्या धुराड्यातून जातो, त्या धुराड्याच्या विटा सोनं पितात, हे त्याने मोठ्या लोकांच्या तोंडून ऐकलं होतं. निरोपाला हातात पडलेला सगळा पगार त्याने त्या विटांत घातला आणि त्याच विटांचं दोन खोल्यांचं घर बांधलं. वस्तीत आणखीही पुष्कळांनी विटा घेतल्या. ठेकेदार प्रत्येकाच्या कानात सांगायचा की या धुराड्याच्या आहेत, दुसऱ्या कुणाला बोलू नकोस. त्याने विकलेल्या विटा एकावर एक रचल्या असत्या, तर ते धुराडं चंद्राला टेकलं असतं. सेकेतेचं म्हणणं, बाकीच्यांच्या खोट्या, आपल्या खऱ्या.

विटांची लॉरी अंगणात आली तेव्हा चिखलात रुतली होती. ड्रायव्हरने लॉरीवरची एक जाड फळी चाकाखाली सारली, लॉरी निघाली आणि ड्रायव्हर फळी विसरून गेला. मा-लिकेत्सोने ती धुतली आणि नळाजवळ कपडे आपटायला ठेवली. फळीचा एक कोपरा कधीतरी जळून खोलगट झाला होता. तिथं साबण छान बसायचा. सगळ्या सौद्यात हीच एक गोष्ट फुकट मिळाली, असं ती म्हणायची.

मा-लिकेत्सो मूळची डोंगरातली, सीमेपलीकडची, कुथिंगकडची. लिकेत्सो ही तिची लेक. लेक झाली की बाईला लेकीच्या नावाने हाक मारायची, असा तिकडचा रिवाज. लेक दूरच्या शहरात दुकानात कामाला होती आणि फोनवर हवामान तेवढं विचारायची. ऑगस्ट लागला की खाणीच्या मातीच्या डोंगरावरून वारं सुटायचं आणि पिवळी पांढरी धूळ ताटात, अंथरुणात, खोकल्यात शिरायची. मा-लिकेत्सोचं मागणं एकच होतं. मरायचं तर वर, माहेरच्या गावात, जिथून गुरं दिसतात. भावाने तिच्यासाठी गावच्या मुख्याकडून घराची जागा मागून ठेवली होती. तिथं दोन खोल्या बांधायच्या आणि जायचं. सेकेते दरवर्षी म्हणायचा, जाऊ. भिंत कुठं पळून जातेय? पिकू दे जरा.

जणू भिंत नव्हे, भोपळाच.

यंदा भावाचा निरोप आला. मुख्याने म्हणे जागेवर काठी आपटून सांगितलं, की एवढी वर्षं इथं चूल पेटली नाही; हिवाळा संपेपर्यंत पाया घातला नाही तर जागा दुसऱ्याला. मा-लिकेत्सोने निरोप ऐकला, मक्याच्या लापशीच्या पातेल्यात कालथा फिरवत राहिली, आणि पातेलं उतरवून मग बोलली.

"न्ताते, भिंत पिकली का?"

न्ताते म्हणजे बाबा, मालक, अहो, सगळं एकत्र. चांगल्या घरच्या बायका नवऱ्याला असंच म्हणतात. पण मा-लिकेत्सो ज्या आवाजात म्हणाली, त्यात मालक नव्हता. सेकेते त्या दिवशी अड्ड्यावर गेला नाही.

पुढं जे झालं, ते सगळं फालांगच्या सामानावर झालं. फालांग हा गवंडी, आणि वस्तीत ज्याच्याकडे काही चालू अवस्थेत आहे असा एकटाच. त्याची पहार घेऊन सेकेतेने मागच्या खोलीची उगवतीकडची भिंत उतरवली. छप्पर खाली आलं, तर फालांगची शिडी टेकू म्हणून लावली. विटा फोडायला फालांगचा घण. फोडलेल्या विटांचं पीठ करायचं, तर गिरणी कुठून आणायची? फालांगचा सिमेंट कालवायचा मिक्सर होता. सेकेतेने भंगारातून गिरणीचे जुने लोखंडी गोळे आणले, विटांच्या तुकड्यांबरोबर मिक्सरमध्ये टाकले आणि झाकण बांधलं. तो मिक्सर असा काही ओरडला, की पलीकडच्या चर्चमधल्या बायकांनी प्रार्थना मध्येच थांबवली आणि वेगळी सुरू केली.

दोन दिवस मिक्सर चालला. फालांग दुरून बघायचा आणि तोंडात मारल्यासारखा उभा राहायचा. मिक्सर मधूनमधून वेगळाच खरखरायचा, तेव्हा तो म्हणायचा, आस खातोय रे, आस खातोय. सेकेते सांगायचा की सोनं निघताना असाच आवाज येतो.

वस्तीत बातमी लपत नाही. सेकेते मोखोसी भिंत दळतोय म्हटल्यावर, ज्यांच्या ज्यांच्या घरात धुराड्याच्या विटा होत्या त्यांनी आधी हसून घेतलं, आणि मग घरी जाऊन भिंतीवर नख ओढून बघितलं. एकाने न्हाणीघर उतरवलं. एकाने सासूच्या खोलीपासून सुरुवात केली; सासू आत होती. दोघांनी फालांगकडे मिक्सरसाठी नंबर लावला. फालांगने त्यांना सांगितलं, की मिक्सर आता सोनारकीत गेलाय, विटांच्या कामाला येत नाही.

दळलेलं पीठ मा-लिकेत्सोच्या धुण्याच्या टबात घोळून घोळून तळाशी जे काळपट उरलं, ते मूठभर होतं. सेकेतेने ते तळहातावर घेतलं आणि त्याचे डोळे भरून आले. हाच तो चिखल, म्हणाला. मा-लिकेत्सोने वाकून बघितलं आणि विचारलं, चूल सारवायला चालेल का.

ओतायचा दिवस शनिवार ठरला. तेलाच्या पिंपाची भट्टी, आत कोळसा, कोळशात मूस, मुशीत तो चिखल आणि टाकणखार. भाता नव्हता, म्हणून फालांगच्या बायकोचं केस वाळवायचं यंत्र पाइपाला बांधलं होतं. सेकेतेने जुना कोट चढवला, डोळ्यांवर चष्मा लावला, आणि कुंपणाबाहेर जमलेल्या वस्तीला हाताने मागं सारलं. त्याची पाठ सरळ झाली होती. मा-लिकेत्सो त्याच्याकडे बघत होती. असा तो तिला खाण बंद पडल्यापासून दिसला नव्हता. तिने डोक्याला नवा रुमाल बांधला. घरातल्या पितळी पातेल्यापासून कांबळ्यापर्यंत डोंगरात काय काय न्यायचं, हे तिच्या मनात एव्हाना लागून गेलं होतं.

कोळसा तांबडा झाला, मग पिवळा. आता पांढरा व्हायची वेळ, आणि लोडशेडिंग सुरू झालं.

केस वाळवायचं यंत्र उसासा टाकून थांबलं. भट्टी पिवळ्याची तांबडी व्हायला लागली. कुंपणाबाहेर कुणीतरी म्हणालं, आजचा नंबर आपल्या भागाचा नव्हता, काल सांगितलं होतं वेगळंच. सेकेते ओरडला की वारा घाला. मग फालांगने टोपीने, मा-लिकेत्सोने सुपाने आणि चर्चच्या दोन बायकांनी प्रार्थनेच्या पुस्तकांनी वारा घातला. कोळसा संपत आलेला. जाळायला हवं कडक, सुकं लाकूड. शिडी जाळू म्हटलं तर शिडीवर छप्पर. सेकेतेने अंगणभर नजर फिरवली, नळाकडे धावला, धुण्याची फळी उचलली, कुऱ्हाडीने तिचे चार तुकडे केले आणि भट्टीत कोंबले.

"माझी फळी," मा-लिकेत्सो म्हणाली.

"वर डोंगरात तुला सागवानी देतो."

फळी जुनी होती, वाळून खडखडीत झालेली. अशी काही पेटली, की भट्टी पुन्हा पांढरी झाली आणि लोक दोन पावलं मागं सरले. सेकेतेने चिमट्याने मूस उचलली, तिरपी केली. वरचं किट्ट काचेसारखं वाहून गेलं. थंड झाल्यावर मुशीत उरलेलं त्याने हातोडीने फोडलं, आणि तळाशी वाटाण्याएवढा एक पिवळा मणी निघाला.

फालांगने टोपी काढली. सेकेतेने मणी मा-लिकेत्सोच्या हातात दिला. तो अजून गरम होता. तिने तो टाकला नाही.

त्या संध्याकाळी वस्तीत आणखी किती भिंती उतरल्या, त्याची गणती नाही. अड्ड्यावर सेकेतेची बिअर लोकांनी भरली. एका भिंतीत वाटाणा, तर उरलेल्या तीन भिंतींत किती, याचा हिशेब तो रुबाबात मांडत होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा फालांग मान डोलावत होता. दुसऱ्या सकाळी मा-लिकेत्सोने माहेरी निरोप धाडला, की पायाचे दगड बघून ठेवा. मग तिने अंगण झाडलं, भट्टीतली राख घमेल्यात भरली आणि नेहमीसारखी संडासच्या खड्ड्यात ओतली. राखेने वास दबतो, माशा कमी होतात. खड्डा काठोकाठ आलेला. उपसायची नगरपालिकेची गाडी वर्षानुवर्षं आलेली नव्हती. मा-लिकेत्सो ऑफिसात जायची तेव्हा तिथली मुलगी सांगायची, गाडी दुरुस्तीला गेलीय. मा-लिकेत्सोला वाटायचं, एवढा वेळ लागतोय म्हणजे गाडी नव्यानेच जन्माला घालतायत.

सोमवारी सेकेते मणी घेऊन शहरात गेला. खाणीचा जुना कस काढणारा ड्रीस तिथं एका गल्लीत बसायचा आणि गहाणवाल्यांना सोनं तपासून द्यायचा. गोरा, म्हातारा, कायम चिमट्यात काहीतरी धरलेला. खाणीतले मजूर त्याला चिमटाच म्हणायचे. त्याने सेकेतेला ओळखलं, बस म्हटलं, कॉफी दिली. मणी चिमट्यात धरून दिव्याखाली फिरवला. कसोटीच्या दगडावर घासला. वर आम्लाचा एक थेंब टाकला. पिवळी रेघ फसफसून हिरवी झाली, आणि नाहीशी झाली.

"पितळ," ड्रीस म्हणाला. "कशात दळलं होतंस?"

सेकेतेने मिक्सरचं सांगितलं.

"त्याच्या आसाला पितळी बुश असतो. तो झिजून आलाय. मिक्सरवाल्याला म्हणावं नवा टाक."

सेकेते म्हणाला, विटा धुराड्याच्या होत्या, मिनीर, साहेब. ओतशाळेच्या. ड्रीस हसला, कुत्सित नाही, खोकल्यासारखा. धुराड्याच्या विटा कंपनीने पाडायच्या आधीच काढून, दळून, सोनं घेऊन संपवल्या होत्या, म्हणाला. ठेकेदाराला मिळाल्या त्या मजुरांच्या हॉस्टेलच्या मुतारीच्या. ओतशाळेतली माती खरवडली, पत्रे धुतले, भट्टीची फरशी उखडली, मी स्वतः उभा होतो. काही सोडलं नाही आम्ही.

सेकेते उठला. ड्रीस मणी परत देता देता आठवल्यासारखा म्हणाला:

"एक तेवढी राहिली. दारातली पायरी. लाकडी फळी होती ना, बाहेर पडताना तुम्ही सगळे बूट आपटायचात ती? तुमच्या बुटांची एवढ्या वर्षांची धूळ तिच्यात ठोकून बसलेली. ती जाळली असती तर एक लगड निघाली असती. मॅनेजर तिच्यासाठी रडायचा बाकी होता. पाडापाडीत कुठं गेली, देव जाणे."

"कशी होती?" सेकेतेने विचारलं.

"तू विचारतोस? रोज उभा राहायचास तिच्यावर. एक कोपरा जळका होता. पेत्रुसच्या हातून गरम पळी पडली होती."

सेकेते तिच्यावर रोज उभा राहायचा, आणि पहारेकऱ्याच्या डोळ्यांत बघायचा. खाली बघायची सवयच नव्हती.

तो रस्त्यावर आला आणि बसस्टॉपवर थांबलाच नाही, चालत सुटला. एवढ्या वर्षांत छातीने त्याला कधी भरभर चालू दिलं नव्हतं. आज ती शिट्ट्या मारत होती, पण पाय ऐकत नव्हते, कारण डोकं ओतशाळेत पोचलं होतं. लाकूड जळतं, सोनं जळत नाही. झाडू जाळा, हातमोजे जाळा, राख ठेवा. त्याने स्वतः असे किती झाडू जाळले होते. मुशीत पितळ होतं, सोनं मुशीच्या खाली, राखेत. राख खड्ड्यात. खड्डा भरलेला, राख सगळ्यात वर. बादलीने काढायची, टबात घोळायची, झालं. नाकाला फडकं बांधू. यापेक्षा घाण चिखल आयुष्यभर ढवळलाय. मा-लिकेत्सोच्या दोन खोल्या तिथंच होत्या, अंगणात, हाताच्या अंतरावर. वस्तीच्या तोंडाशी पोचेपर्यंत त्याने त्यांना खिडक्याही बसवल्या.

खड्ड्यात अंधार असतो, म्हणून तो फालांगच्या दारात थांबला आणि टॉर्च मागितला. फालांग मिक्सरजवळ बसला होता. मिक्सर उघडा होता. त्याने आसाकडे बघितलं, सेकेतेकडे बघितलं, आत जाऊन टॉर्च आणला.

"हा तरी परत आण," म्हणाला.

घराची मावळतीकडची भिंतही पडलेली दिसली. छप्पर शिडीवर आणि एका दाराच्या चौकटीवर तोललेलं होतं. सेकेते जागच्या जागी थांबला. मा-लिकेत्सो मात्र अंगणात उभी होती, नवा रुमाल बांधलेली, आणि चक्क हसत होती.

"न्ताते, आली एकदाची."

"कोण?"

"गाडी. नगरपालिकेची. संडास उपसायला. मागं घेताना भिंतीला लागली, पण मी काही बोलले नाही, कशाला बोला, आपण जाणारच आहोत. ड्रायव्हर बिचारा घाबरला, तर मी त्याला चार वडे बांधून दिले. एवढं स्वच्छ काम केलंय, वरून पाणीसुद्धा मारलं. बघा तर खरं."

त्याने विचारलं, ती गाडी कुठं ओतते. मा-लिकेत्सो म्हणाली, ड्रायव्हर सांगत होता, खाणीच्या मातीच्या डोंगरामागं मोठं तळं आहे, सगळ्या शहराचं तिथंच जातं. मग तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं, आणि तिचं हसू आधी एका बाजूने गेलं, मग दुसऱ्या बाजूने.

"मणी?" तिने विचारलं.

त्याने तो तिच्या हातावर ठेवला. दगडावर घासल्याची खूण एका बाजूला दिसत होती. तिने मुठीत धरला, परत उघडून बघितला, आणि रुमाल सोडून त्याच्या टोकात बांधला. एवढंच म्हणाली, की भावाला निरोप कसा फिरवायचा, दगड आणले असतील त्याने.

वारा सुटला होता. डोंगरावरची धूळ आता दोन्ही बाजूंनी घरात येत होती आणि सरळ निघूनही जात होती. अडवायला काही नव्हतं. सेकेते संडासच्या दारात जाऊन उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने मान खाली घालून नीट बघितलं. टॉर्चच्या उजेडात खड्डा तळापर्यंत धुतलेला दिसला.

टॉर्च विझवून खिशात ठेवताना तो हातातून निसटला आणि खड्ड्यात पडला. टॉर्च फालांगचा होता.